इथे आलो, क्रमांक नऊ

थांबेरावांचं एक गुपित होतं आणि ते त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. बायकोलाही, हे विशेष, कारण ती दातांची डॉक्टर होती आणि समोरच्याला तोंड उघडायला लावणं हा तिचा रोजचा उद्योग होता.

गुपित असं की थांबेराव डीबगर बनवायचे, पण स्वतः तो कधी वापरायचे नाहीत.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांना थोडं सांगायला हवं. प्रोग्राम म्हणजे यंत्राने करायच्या कामांची यादी, एकाखाली एक ओळ. माणसाने लिहिलेल्या या ओळी यंत्राला कळतील अशा करून देतो तो कंपायलर. आणि चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून, 'दाखव बघू, आत्ता तुझ्या खिशात काय काय आहे,' असं ज्याने विचारता येतं तो डीबगर. थांबेरावांच्या ऑफिसात एका नव्या भाषेचा कंपायलर तयार होत होता आणि त्यातलं हे थांबवायचं खातं बारा वर्षं त्यांच्याकडे होतं. म्हणून तर थांबेराव. खरं नाव टेबलावरच्या पाटीवर होतं, पण पाटीपुढे कायम कॉफीचा मग असायचा.

तर ज्या माणसाने या थांबण्याच्या शास्त्रावर तीन परिषदांत भाषणं ठोकली, तो स्वतःच्या कामात काही बिघडलं की काय करायचा? जिथे संशय येईल तिथे एक ओळ घुसडायचा: पडद्यावर छाप, 'इथे आलो १'. थोडं पुढे गेल्यावर, 'इथे आलो २'. मग प्रोग्राम सोडून द्यायचा आणि बघत बसायचा. दोन छापलं, तीन नाही छापलं, म्हणजे मधेच कुठेतरी मान टाकली. ही पहिल्या वर्षाला शिकणाऱ्यांची पद्धत. आचाऱ्याने मागच्या दाराने जाऊन शेजारच्या खानावळीत जेवावं, तसला प्रकार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय म्हणणार.

पण सवय जुनी, आणि खरं सांगायचं तर तिने काम होतं. फक्त त्या ओळी कोणाच्या नजरेला पडता कामा नयेत. त्यासाठी थांबेरावांनी एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. काम सोपवण्याआधी तो फायलींमधून फिरायचा आणि 'इथे आलो' छापणारी प्रत्येक ओळ झाडून काढायचा. मनातल्या मनात ते त्याला केरसुणी म्हणायचे.

आता यातला त्रास असा की कंप्युटर सगळीकडे सारखे नसतात. त्यांच्या पोटात ज्या ऑपरेटिंग सिस्टिम असतात, त्यांतल्या तिघींवर ही भाषा चालवून दाखवायची होती. ऑफिसात आणि बाहेरही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत, कारण एका घरातल्या तीन सुनांचं जमवून घेण्याइतकंच ते अवघड होतं. कंपायलर आपलं काम करताना एक नकाशा मागे ठेवतो: यंत्राचा हा हुकूम मूळ फायलीतल्या अमुक ओळीवरून आला. डीबगर चालतो तो या नकाशाच्या भरवशावर. थोरलीला तो नकाशा एका पद्धतीने लिहिलेला लागायचा, मधलीला दुसऱ्या, आणि धाकटीला तर वेगळ्या पाकिटात घालून, वेगळ्या खणात ठेवलेला. तोही तिच्या मनात असेल तरच ती उघडून बघायची.

थोरली-मधलीवर थांबेराव केरसुणी हाताने फिरवायचे. धाकटीवर मात्र काम परस्पर उतरायचं, मधे हात घालायला वावच नव्हता. म्हणून दीड वर्षापूर्वी, घाईच्या एका दुपारी, त्यांनी केरसुणी थेट धाकटीच्या कंपायलरच्या दारातच उभी केली. आत येईल ती फाइल आधी झाडायची, मग पुढचं. दोन दिवसांपुरतं. पण जगात तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ काही नसतं. दोन दिवसांनी ते विसरले. धाकटीवर त्यांच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या, भाषेच्या वेबपानावर कशावर काय चालतं याचा तक्ता होता, त्यात डीबगरच्या ओळीत धाकटीखाली हिरवी खूण पडली, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःला केक आणला.

बुधवारी सकाळी अकरा वाजता त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज ऐकून थांबेराव खुर्चीतून उठले.

"बस खाली," पलीकडून मॅडम म्हणाल्या. ते उभे राहिल्याचं त्यांना कसं कळलं, देव जाणे.

या त्यांच्या कॉलेजातल्या मॅडम. पंचवीस वर्षं त्यांनी प्रोग्रामिंग शिकवलं आणि पंचवीस वर्षं एकच लाल पेन वापरलं असा विद्यार्थ्यांचा समज होता. छापून आणलेल्या प्रोग्रामात 'इथे आलो' दिसलं की त्या ओळीवर आडवी लाल रेघ आणि दोन मार्क वजा. "अंधारात चाचपडू नका. दिवा आहे, तो लावा," म्हणायच्या. दिवा म्हणजे डीबगर. थांबेरावांचे पहिल्या वर्षी असे अठरा मार्क गेले होते. पुढे त्यांनी आयुष्यभर दिवेच बनवायचं ठरवलं, ते या अठरा मार्कांच्या लाजेपोटी. मॅडमना त्यांचा अभिमान होता, आणि नेमकं तेच त्यांना सोसत नसे.

"तुझा डीबगर माझ्याकडे भलतीकडे थांबतो," मॅडम म्हणाल्या. "धाकटीवर. दोनशे बारा नंबरच्या ओळीवर थांब म्हटलं की नऊ ओळी पुढे जाऊन उभा राहतो. फायलीच्या वरच्या भागात दोनच ओळी पुढे, खाली जावं तसं वाढत जातं. थोरलीवर, मधलीवर बिनचूक."

"असं कसं होईल? मॅडम, धाकटीखाली हिरवी खूण आहे."

"तीच बघून मी शब्द दिलाय," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मॅडम एका प्रयोगशाळेत जात होत्या. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना ऐकू येतं की नाही, हे तपासणारं एक डब्याएवढं यंत्र तिथे तयार होत होतं. बाळाच्या कानात बारीक आवाज सोडायचा आणि कानाकडून परत येणारी कुजबुज टिपायची. त्याचा प्रोग्राम मॅडमनी तीन वर्षं खपून लिहिला होता, आपल्या विद्यार्थ्याच्या भाषेत, सगळ्यांशी भांडून. डब्यात होती धाकटी. सगळं ठीक होतं, पण चाळीस-पन्नास बाळांत एखाद्या बाळाच्या डाव्या कानाचा निकाल उजव्या कानाच्या नावावर पडत होता. का, ते कळत नव्हतं. ती चूक शोधायला डीबगर हवा, आणि तो तर नऊ ओळी पुढे.

"सोमवारी दहा वाजता मोठे डॉक्टर बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर चूक सापडली नाही, निदान शोधता येते एवढं दिसलं नाही, तर माझा प्रोग्राम कपाटात आणि जुन्या भाषेतला बाहेर. मी त्यांना सांगितलंय, माझ्या विद्यार्थ्याने केलंय, त्याची खूण आहे." मॅडम थांबल्या. "धाकटीसाठी तू काही वेगळं केलं आहेस का?"

थांबेरावांना क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि लगेच गेलं. आडवाटेने केलेली कामं डोक्यात येऊ द्यायची नाहीत, ही त्यांची दुसरी जुनी सवय. "नाही," ते म्हणाले. "तुम्हाला धाकटीवर आणखी काही विचित्र दिसतंय का?"

आता थांबायची पाळी मॅडमची होती. "नाही," त्या म्हणाल्या. "तेवढंच."

मुकादमीण काचेच्या खोलीतून बघत होती. ही त्यांची प्रमुख, वयाने त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कामाच्या खुणा मोजण्यात हयात घालवायला निघालेली. सगळं ऐकून ती म्हणाली, "थांबेराव, खूण हिरवी आहे म्हणजे ते चालतं. चालत नसेल तर खूण हिरवी कशी? सोमवारपर्यंत दोन्हीपैकी एक खोटं ठरवा. नाहीतर मी धाकटीला तक्त्यातूनच काढते."

मॅडमनी फाइल पाठवली. काय फाइल होती. हस्ताक्षर स्पर्धेत बक्षीस मिळावं अशी. एक ओळ जास्त नाही, एक जागा वाकडी नाही. थांबेरावांनी ती धाकटीवर चढवली, दोनशे बारावर थांब म्हटलं, तर डीबगर आज्ञाधारक मुलासारखा दोनशे बारावर थांबला. पन्नासवर पन्नासवर, तीनशेवर तीनशेवर.

आता या धंद्यातलं सर्वांत अपमानकारक वाक्य बोलणं आलं. "मॅडम, माझ्याकडे तर चालतंय."

"माझ्याकडे नाही," मॅडम म्हणाल्या.

"तीच फाइल?"

"तीच," मॅडम जरा जोरात म्हणाल्या.

गुरुवार असाच गेला. थांबेरावांनी धाकटीचा नकाशा पाकिटातून काढून उलटासुलटा करून वाचला. त्यात खोट नव्हती. खोट शोधायला त्यांनी डीबगरच्या पोटात एकसष्ट 'इथे आलो' पेरले आणि सगळेच्या सगळे छापून आले, कारण डीबगर ते थोरलीवर तयार करत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण काखेत बघणार कोण?

शुक्रवारी ते स्वतःच प्रयोगशाळेत जाऊन थडकले. तिथे भिंतींना जाड स्पंज लावलेला, दारं दुहेरी, आणि सगळी माणसं कुजबुजत बोलणारी. टेबलावर रबरी कानांची एक बाहुली होती. मॅडमच्या खुर्चीमागे भिंतीवर भाषेच्या पानावरचा तक्ता छापून लावला होता, आणि धाकटीखालच्या हिरव्या खुणेभोवती लाल पेनाने गोल केला होता.

"दाखवा, मॅडम."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पडदा थोडा स्वतःकडे वळवला. "जरा फाइल नीट लावून घेते." पाच मिनिटं त्यांची बोटं चालत होती. मग पडदा वळवून त्या म्हणाल्या, "हं. आता बघ कशी गंमत होते."

काही गंमत झाली नाही. डीबगर जिथे सांगितलं तिथेच थांबला. मॅडमनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या थांबेरावांपेक्षाही जास्त गोंधळल्या. "आत्ता सकाळी करत होता," त्या म्हणाल्या.

थांबेराव बाहेर पडून बसथांब्यापर्यंत पोचले असतील नसतील, तेवढ्यात फोन आला. "पुन्हा नऊ," मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात लाल पेन नव्हतं.

त्या दिवशी घरी थांबेराव जेवताना इतके गप्प होते की सासूबाईंनी फोनवर जावयाला बरं नाही का म्हणून विचारलं. शनिवारी सकाळी तर त्यांची दाढ ठणकायला लागली. बायको म्हणाली, "दवाखान्यात ये, अकराला रिकामी आहे." थांबेरावांनी दहा मिनिटं ब्रश केला, दोऱ्याने दातांच्या फटी साफ केल्या, निळ्या पाण्याने दोनदा चुळा भरल्या, आणि खुर्चीत जाऊन आडवे झाले.

बायकोने आत नजर टाकली आणि दिवा बाजूला केला. "आत्ता घासून आलायस ना?"

"अं," थांबेराव म्हणाले. तोंडात आरसा होता.

"सगळे तेच करतात. सहा महिने दातांकडे ढुंकून बघत नाहीत, आणि माझ्याकडे यायच्या आधी खसाखसा घासतात. तुझ्या हिरड्यांना सूज आहे आणि दात चकचकीत. मी यातून काय समजायचं? डॉक्टरकडे येताना जसे असाल तसे या. रोज काय होतं ते मला दिसायला हवं, आज काय घासलंय ते नको."

थांबेराव उठून बसले. आरसा दातावर आपटला.

"दुखलं?"

"एक मिनिट फाइल नीट लावून घेते," थांबेराव म्हणाले.

"काय?"

"घासून आणते ती. दाखवायच्या आधी फाइल घासून आणते." मग ते जरा थांबले, आणि त्यांना तेही आठवलं जे बुधवारी त्यांनी डोक्यात येऊ दिलं नव्हतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि मी दारात केरसुणी ठेवलीय."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं, मग हातातल्या इंजेक्शनकडे बघितलं. ते अजून दिलेलं नव्हतं.

दाढ तशीच ठेवून थांबेराव ऑफिसात गेले. शनिवार असल्यामुळे कोणी नव्हतं. मॅडमच्या त्या सुंदर फायलीत त्यांनी स्वतःच्या हाताने नऊ ठिकाणी 'इथे आलो' घातलं, आणि ज्या ओळीला मॅडम दोनशे बारा म्हणत होत्या तिच्यावर डीबगरला थांबायला सांगितलं. तो नऊ ओळी पुढे जाऊन थांबला. पडद्यावर एकही 'इथे आलो' नव्हतं. केरसुणीने नऊ ओळी खाल्ल्या होत्या आणि नकाशा खाऊन उरलेल्या फायलीचा निघाला होता. नकाशात काही चूक नव्हती, फक्त तो भलत्याच फायलीचा होता. आणि दीड वर्ष धाकटीवरच्या कोणाही माणसाच्या फायलीतून या ओळी गुपचूप नाहीशा होत होत्या.

म्हणजे मॅडमसुद्धा.

थांबेरावांनी दोनदा स्वतःला सांगून पाहिलं की आणखी काही कारण असेल. दुसरं काही नव्हतं. ज्यांनी अठरा मार्क कापले त्या मॅडम 'इथे आलो' लिहीत होत्या, धाकटीवर ते छापून येत नाही हेही त्यांना दिसत होतं, आणि ते सांगायचं म्हणजे आपण ते लिहितो हे सांगणं आलं. म्हणून बुधवारी त्या थांबल्या होत्या. आणि तेही थांबले होते, त्याच कारणासाठी. दोघांपैकी एकाने त्या फोनवर लाज सोडली असती, तर दहा मिनिटांचं काम होतं.

त्यांनी केरसुणी काढून टाकली. अकरा ओळींचा कोड, एका बोटाने गेला. नवा कंपायलर तयार केला, तपासला, आणि मॅडमना पाठवून दिला. सोबत लिहिलं: 'किरकोळ दुरुस्ती. आता बरोबर थांबेल.' कोणाचं काही कोणाला सांगायला लागलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं: 'डब्यात चढवलं. सोमवारीच सुरू करेन. परीक्षेआधी प्रश्नपत्रिकेला हात लावायचा नाही, हा माझा नियम तुला माहीतच आहे.'

रविवारी थांबेरावांनी दाढ भरून घेतली आणि पोटभर झोपले.

सोमवारी सव्वानऊला दाढी करताना त्यांचा हात हवेतच राहिला. मॅडमच्या फायलीत ते नऊ 'इथे आलो' अजून असणार. शुक्रवारी त्यांनी ते काढले आणि ते गेल्यावर परत घातले, त्याशिवाय 'पुन्हा नऊ' झालंच नसतं. इतके दिवस केरसुणी ते गिळत होती. आता केरसुणी नाही. दहा वाजता, मोठ्या डॉक्टरांसमोर, डब्याच्या पडद्यावर ते सगळे बोलायला लागणार. आपली लाज झाकायला त्यांनी मॅडमची उघडी पाडली होती. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि इथे तर हात त्यांचा आणि अवलक्षण मॅडमचं.

मॅडमचा फोन बंद होता. परीक्षेच्या दिवशी तो नेहमीच बंद असे.

अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून थांबेराव टॅक्सीत बसले. प्रयोगशाळेच्या दारावरच्या पहारेकऱ्याने वही पुढे केली. नाव, पत्ता, कोणाला भेटायचं, कशासाठी. 'कशासाठी' या रकान्यापाशी थांबेरावांची लेखणी अडली. पहारेकरी म्हणाला, "काहीतरी लिहा साहेब, वाचत कोणी नाही." त्यांनी लिहिलं, 'थांबवायला', आणि धावत सुटले.

दहा वाजून सात मिनिटं झाली होती. स्पंजच्या खोलीत बाहुली बाजूला सरकवलेली, डबा मध्ये, आणि मोठे डॉक्टर गुडघ्यांवर हात ठेवून स्टुलावर बसलेले. हे गृहस्थ इतकं हळू बोलत की त्यांच्यासमोर सगळेच वाकून उभे असत. मॅडम साठ बाळांच्या डाव्या कानाच्या साठवलेल्या नोंदी एकामागून एक डब्यातून सोडत होत्या. आणि पडद्यावर, ठळक अक्षरांत, भराभर सरकत होतं: इथे आलो १. इथे आलो २. इथे आलो ३. प्रत्येक बाळामागे एकदा, नवापर्यंत.

मॅडमचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. त्यांचा हात बंद करायच्या बटणावर होता, पण दाबला जात नव्हता.

"हे कोण येतंय?" मोठ्या डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"ते माझं आहे," थांबेराव दारातून म्हणाले. सगळे वळले. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या फेसाकडे बघितलं. थांबेरावांनी आता मागे बघायचं नाही असं ठरवलं आणि एका दमात सगळं ओकले: डीबगर बनवतो पण वापरत नाही, 'इथे आलो' लिहितो, ते लपवायला केरसुणी ठेवली, ती दीड वर्ष दुसऱ्यांच्या ओळी खात होती, म्हणून मॅडमचं काम अडलं. "चूक माझी आहे. मॅडमच्या प्रोग्रामचा यात काही दोष नाही, आणि या ओळी..."

"ओळी माझ्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "नऊच्या नऊ. त्याला पांघरूण घालू देऊ नका, डॉक्टर. तो पहिल्या वर्षापासून असाच आहे."

डबा बोलतच होता. मोठे डॉक्टर पडद्याकडे वळले आणि बराच वेळ बघत राहिले. थांबेरावांना वाटलं, संपलं.

"एक विचारू?" मोठे डॉक्टर म्हणाले. सगळे वाकले. "प्रत्येक बाळाला नऊ एकदा आला. या त्रेचाळिसाव्याला दोनदा कसा आला?"

मॅडमनी बघितलं. थांबेरावांनी बघितलं. खरंच: इथे आलो ८. इथे आलो ९. इथे आलो ९. आणि खाली निकाल, उजवा कान. ज्या चुकीने मॅडमची झोप उडवली होती ती पडद्यावर येऊन उभी होती, आणि तिला ओळखलं ते आयुष्यात एक ओळ प्रोग्राम न लिहिलेल्या माणसाने.

"मागे घे," मॅडम म्हणाल्या. पांढरेपणा गेला होता, जुना आवाज आला होता. "त्रेचाळिसावं पुन्हा सोड. दोनशे बारावर थांबव, दुसऱ्या खेपेला."

थांबेराव डब्यापाशी बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा ते स्वतःच्या डीबगरने खरोखरची चूक शोधत होते. नऊ छापला. पुन्हा नऊ छापला. डीबगर दोनशे बारावर थांबला. एकही ओळ पुढे नाही, एकही मागे नाही.

"खिशात काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"फेरी, दुसरी. कान..." थांबेरावांनी वाचलं आणि ते हसले. "बाळ हललं म्हणून तोच कान पुन्हा तपासला. आणि प्रोग्राम समजला, दुसऱ्यांदा आलं म्हणजे दुसरा कान."

मॅडम खाली बसल्या. तोंडावर हात ठेवून त्या थोडा वेळ तशाच राहिल्या, आणि थांबेरावांनी मुद्दाम बाहुलीकडे बघितलं. एका अटीची दुरुस्ती होती. ती केल्यावर साठच्या साठ बाळांचे कान आपापल्या जागी पडले. मोठे डॉक्टर उठले. "हेच ठेवू," ते म्हणाले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "ते 'इथे आलो'वालं साधन कुठलं? तक्त्यात दिसलं नाही. चांगलं आहे. मला एवढं एकच समजलं." दुहेरी दार त्यांच्यामागे आवाज न करता मिटलं.

मग मॅडमच म्हणाल्या, "पंचवीस वर्षं. दर वर्षी शंभर-शंभर जणांच्या कागदांवर तेच वाचलं. इथे आलो, इथे आलो. वाचून वाचून हातातच बसलं. कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदा अडले, तेव्हा बोटांनी आपोआप तेच लिहिलं. आणि लगेच सापडलं, मेलं."

"मग आमचे दोन-दोन मार्क, मॅडम?"

मॅडमनी विचार केला. "ते गेले. विद्यापीठ परत देत नाही." मग त्यांनी टेबलावरची कागदी फडकी त्यांच्या हातात दिली. "गाल पूस आधी."

थांबेराव गाल पुसत होते तेव्हा मॅडमनी भिंतीवरचा तक्ता काढून टेबलावर पसरला. खिशातून लाल पेन काढलं. सर्वांत खाली, डीबगरच्या ओळीनंतर, त्यांनी आपल्या सुबक अक्षरात एक नवी ओळ लिहिली: 'इथे आलो'. थोरलीखाली खूण केली. मधलीखाली खूण केली. धाकटीच्या रकान्यावर येऊन पेन थांबलं आणि त्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"नक्की चालतं ना?"

थांबेराव हिरव्या खुणेबद्दल काही बोलले नाहीत. "हो मॅडम," ते म्हणाले. "आत्ताच बघितलं."